खराद सुरू, घर बंद

नातीच्या पाळण्यापायी आम्ही घरातला फ्रीज, पाण्याची मोटर आणि कूलर या तिघांना शिक्षा केली, आणि शेवटी तिघंही निर्दोष निघाले.

त्याचं असं झालं. आमची मुलगी पल्लवी बाळंतपणाला माहेरी, म्हणजे बालाघाटला, आली होती. मुलगी झाली. दवाखान्यात तिला भेटायला गोंदियाहून तिच्या सासूबाई, म्हणजे आमच्या विहीणबाई, आल्या. विहीणबाई शांत बाई आहेत. आवाज चढवत नाहीत, हात हलवत नाहीत, आणि म्हणूनच त्यांच्यासमोर माझा आवाज आपोआप चढतो. त्यांनी मोबाईल पुढे केला. त्यात एक पाळणा होता. स्टीलचा, वर जाळीची मच्छरदाणी, बाजूला गाणी म्हणणारा डबा. म्हणाल्या, "बारशासाठी हा मागवून घेऊ का? तुम्हाला उगाच धावपळ नको."

पाळणा मुलीच्या माहेरून जातो, ही आमच्याकडची रीत. ती मोडायला मी तयार झाले असते (मला रीतींचं फार वेड नाही), पण 'तुम्हाला धावपळ नको' हे मला सोसत नाही. धावपळ हाच माझा स्वभाव आहे. मी म्हटलं, "पाळणा आमच्याकडून. सागवानी. घरीच बनणार."

"घरी? कोण बनवणार?"

मी नवऱ्याकडे बोट दाखवलं. सुधीर त्या वेळी खिडकीतून खाली उभ्या असलेल्या आपल्या स्कूटरकडे बघत होता. ही बातमी त्यालाही तेव्हाच कळली. (तोंडावर मी त्याला 'अहो' म्हणते. पण लिहिताना 'अहो' लिहिलं की वाचणारा कोणीही ओ देतो, म्हणून इथे सुधीर.)

अगदीच हवेत बोलले नव्हते मी. सुधीरची सगळी नोकरी वनखात्यात गेली. आयुष्यभर उभे साग मोजले, आडवे साग मोजले, आणि निवृत्त झाल्यावर त्याला साग कापायचीही इच्छा झाली. वारासिवनीत एक जुना सुतारी कारखाना बंद होत होता, तिथून त्यानं एक खराद आणली. खराद म्हणजे ज्या यंत्रात लाकडाचा दांडा अडकवून गरगर फिरवतात आणि पटाशी लावून त्याला गोलाई देतात ते. त्यावर त्यानं तोवर फक्त लाटणी केली होती. त्या लाटण्यांनी पोळी गोल होत नसे, पण लाटणी स्वतः बऱ्यापैकी गोल होती.

हे यंत्र आम्ही मागच्या अंगणातल्या जुन्या लाकडाच्या खोलीत बसवलं होतं. वीज स्वयंपाकघरातून न्यायची होती, अंगण ओलांडून, जमिनीवरून. इलेक्ट्रिशियन पटले यांनी मोजून आणलेली वायर हातभर कमी पडली. ते म्हणाले, उद्या सलग नवी आणतो. मी म्हटलं, वायर कमी पडली तर जोडायची असते, तिच्यासाठी उद्याची वाट बघायची नसते. त्यांनी जोडली, जोडावर टेप गुंडाळली, आणि मी स्वतः त्यावर एक कवेलू, म्हणजे छपराचं कौल, पालथं घातलं, म्हणजे कोणाचा पाय पडायला नको. काम झटक्यात झालं. मला झटक्यात झालेली कामं आवडतात.

खरादीचं बटणही मी स्वयंपाकघरात घ्यायला लावलं. कारण सुधीर यंत्रावर उभा राहिला की त्याला जेवणाची हाक ऐकू येत नाही. बटण बंद केलं की मात्र ताबडतोब ऐकू येते. यंत्राचं स्वतःचं बटण आम्ही कायम चालू ठेवलेलं. सुधीरनं अंगणापलीकडून हात वर केला की मी इकडे खट्कन दाबायचं, अशी आमची व्यवस्था. रेल्वेत गार्ड आणि ड्रायव्हर असतात तसं. गाडी चालवतो तो, पण सोडते मी.

बारशाचा रविवार ठरला. पाळण्याच्या चौकटी, तळ, सगळं तयार झालं. राहिल्या त्या खरादीवरच्या गोल दांड्या, चारही बाजूंच्या. शाळेच्या परीक्षा आटोपल्या होत्या, मी पेपर तपासायला घरीच होते, म्हटलं आता यांना मीच पळवते.

सोमवारी सकाळी झाडलोट, सडा, दूध, चहा असं सगळं उरकून मी बटणापाशी उभी राहिले. पलीकडून सुधीरचा हात वर झाला. मी बटण दाबलं.

खट्.

खराद फिरली नाही. घर मात्र बंद पडलं. म्हणजे जिन्याखालच्या बोर्डावरची एमसीबी पडली आणि पंखा थांबला. आता आमच्या नातीचं असं, की पंखा फिरत असेपर्यंत ती देवासारखी झोपते, आणि थांबला की पुढच्या श्वासाला तिला कळतं. ती रडली. पल्लवी उठली. ती लहानपणापासून हिंदी शाळेत, त्यामुळे झोपेतून उठल्यावर तिचं मराठी थोडं उशिरा जागं होतं.

"मम्मी, लाइट गई क्या?"

"गेली नाही, गिरली," मी म्हटलं, आणि जाऊन एमसीबी वर केली. पंखा सुरू. बाळ गप्प. सुधीरचा हात वर. बटण. खट्. पंखा बंद. बाळ सुरू. असं इतक्यांदा झालं की शेवटी एमसीबी पडायची वाट न बघता बाळ नुसता सुधीरचा हात दिसला तरी ओठ काढायला लागलं.

मी पद्धतशीर बाई आहे. घाबरत नाही, देवाला हात जोडत नाही, बोर्डावर बुक्की मारत नाही. मी सुधीरला सांगितलं की घरात भार जास्त झाला आहे. एका वेळी एक गोष्ट बंद करायची, बटण दाबायचं, निकाल बघायचा. इस्त्री बंद केली, खट्. गीझर बंद केला, खट्. मिक्सरची पिन काढली, टीव्हीची काढली, मोबाईल चार्जर काढले, आमच्याकडे राहणाऱ्या माझ्या सासूबाईंच्या देवघरातली दिव्यांची माळ काढली. खट्, खट्, खट्. प्रत्येक वेळी बाळ आपला निकाल वेगळा देत होतं. उन्हं डोक्यावर आली तेव्हा एकटा फ्रीज राहिला होता. त्याची पिन काढली आणि बटण दाबलं.

खराद घुर्रर करून फिरली.

"फ्रीज," मी म्हटलं. खटल्याचा निकाल सांगावा तसं म्हटलं.

फ्रीज बंद झाला. दूध, दही, पल्लवीसाठी केलेलं काय काय ते सगळं शेजारच्या शुक्ला भाभींच्या फ्रीजमध्ये गेलं. भाभी म्हणाल्या, अपना ही घर समझो. आम्ही समजलो. त्याही समजल्या. संध्याकाळी दह्याचं भांडं आणायला गेले तर त्यांच्याकडे कढी झाली होती, आणि चांगली झाली होती.

मंगळवारी सकाळी फ्रीज बंद असताना एमसीबी पडली.

मग पाण्याच्या मोटरवर संशय गेला. पुन्हा पहिल्यापासून तपास. पुन्हा दुपारच्या सुमारास मोटरची वायर काढली आणि खराद फिरली. मोटरला शिक्षा झाली, म्हणजे वरच्या टाकीत पाणी चढणं बंद, म्हणजे सुधीर आणि मी खालच्या टाक्यातून बादल्या भरून वर. बुधवारी कूलर सापडला. माझ्या एक लक्षात आलं होतं की सगळे गुन्हेगार दुपारीच सापडतात. पण त्याचं श्रेय मी माझ्या चिकाटीला दिलं.

दुपारी कवेलूंच्या त्या खोलीत भट्टी पेटायची. सुधीर एक दांडी कशीबशी करून लालबुंद चेहऱ्यानं बाहेर यायचा आणि माठापाशी बसायचा. संध्याकाळी जरा गार झाल्यावर पुढची घेऊ म्हणावं, तर अंगणात पाणी मारून, खाटा टाकून, मी बटणाशी जाईपर्यंत एमसीबी पुन्हा रुसलेली. पाळण्याला दांड्या हव्या होत्या ढीगभर, आणि जमत होती दिवसाला एक. या वेगानं नातीच्या बारशाला नाही, पण तिच्या शाळेच्या दाखल्याला पाळणा नक्की तयार झाला असता.

त्यात विहीणबाईंचा फोन. "पाळणा कुठवर आला?"

"झालाच," मी म्हटलं. "शेवटचा हात फिरवून राह्यले." (यात खोटं काही नव्हतं. सुधीर खरंच कपाळावरून हात फिरवत होता.)

"तसं काही वाटून घेऊ नका हो," त्या अगदी मायेनं म्हणाल्या. "तो स्टीलचा अजून मिळतोय. सांगितलं तर उद्या घरपोच येईल."

फोन ठेवला आणि मी ठरवलं की या घरात स्टीलचा पाळणा आला तर मी त्यात स्वतः बसेन, पण बाळाला बसू देणार नाही.

पटलेंना बोलावलं. ते सकाळी लवकर उठणारे गृहस्थ नाहीत. दुपारी एकच्या सुमारास आले, बटण दाबलं, खराद भुंग्यासारखी गुणगुणायला लागली. त्यांनी बंद केली, चालू केली, बंद केली, चालू केली. मी एमसीबीकडे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट बिघडावी म्हणून मनापासून वाट बघितली. ती बिघडली नाही.

"मैडम," पटले पेचकस खिशात ठेवत म्हणाले, "पहले खराब तो होने दो, फिर बुलाना."

मी त्यांना माझा तपास सांगितला. फ्रीज, मोटर, कूलर. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि मग म्हणाले की ही भाराची एमसीबीच नव्हे. ही गळतीवाली. करंट वाट सोडून कुठे जमिनीत उतरायला लागला की ही पडते. कुठे ओल लागते का, पाणी-बिणी, ते बघा. आणि जाता जाता फ्रीजकडे बघून हळहळले. "ये बेचारा तो बिना बात के अंदर हो गया."

पाणी! हा धागा मिळाल्यावर मी गप्प बसणार नव्हते. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, सकाळी अंगणातली कामं आटोपून मी पेपरांचा गठ्ठा घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसले आणि लाकडाच्या खोलीवर नजर ठेवली. थोड्याच वेळात आंघोळ करून सासूबाई आल्या. हातात पळी-पंचपात्र, हळदीकुंकवाची कोयरी, कानामागे फूल. (फूल देवासाठी. पण हात भरलेले असले की त्या ते कानामागे ठेवतात.) खोलीत शिरल्या. खरादीला हळद लावली, कुंकू लावलं, फूल वाहिलं, आणि पंचपात्रातलं पळीभर पाणी यंत्राभोवती फिरवून सरळ त्याच्या मोटरवर सोडलं. हात जोडले.

मी पेपर टाकून धावले.

"आई, तुम्ही मशीनवर पाणी काहून टाकून राह्यल्या?"

सासूबाई खैरलांजीकडच्या. ऐंशीच्या घरात आहेत, आणि त्यांना आजवर कोणी दचकलेलं पाहिलं नाही. "माह्या पणतीचा पाळणा बनून राह्यला तिथं," त्या म्हणाल्या. "पूजा नाही करू?"

"रोज करता?"

"हौ. मशीन आली त्या दिवसापासून. दसऱ्याले एक दिवस हात जोडून मंग सालभर लाथा मारणं मले नाही जमत."

मग मी त्यांना समजावलं. ओल म्हणजे काय, करंट म्हणजे काय, पाण्यातून वीज कशी वाट काढते, थेंबभर पाणीही कसं पुरतं, आणि श्रद्धा आपल्या जागी असली तरी मोटर आपल्या जागी असते, वगैरे. चांगलं सविस्तर समजावलं. मधे सुधीर येऊन उभा राहिला, त्यालाही समजावलं. पल्लवी बाळाला घेऊन आली, तर बाळालाही त्यातलं थोडं मिळालं.

सासूबाईंनी सगळं ऐकलं. "पळीभर पाण्यानं तुहं घर बुडते काय?" एवढंच म्हणाल्या.

"आई, पळीभरच पाहिजे असते."

त्यांनी पळी पुसली. पंचपात्र घेऊन आत गेल्या. फ्रीज, मोटर, कूलर यांची त्याच दुपारी सन्मानानं सुटका झाली. सुधीरनं खरादीची मोटर खोलून गच्चीवर वाळत घातली. तिथे माझ्या कुरडया वाळत होत्या, त्यांच्यातच जुन्या चादरीवर एक जागा करून दिली. सुधीर अधूनमधून वर जाऊन मोटर आणि कुरडया दोन्ही उलटून येत होता. आता फक्त मोटर वाळायची, शुक्रवारी बसवायची आणि दोन दिवस जीव तोडून दांड्या काढायच्या. मी इतकी खूश होते की विहीणबाईंना आपण होऊन फोन केला आणि सांगितलं, निश्चिंत राहा.

सासूबाई मात्र त्या दिवशी रात्रीपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. झोपायला जाताना सुधीरला, पण मला ऐकू येईल अशा बेतानं, म्हणाल्या, "उद्या पहाटपासून मी त्या खोलीत खुर्ची टाकून बसून राहीन. मंग पाहू कोन काय करते."

आणि बसल्या. शुक्रवारी मी उठून मागचं दार उघडलं तर त्या खोलीच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर जपाची माळ घेऊन हजर. अंगावर शाल, पायाशी काठी. शेजारून दूधवाला गेला, त्यानं विचारलं, "अम्मा, पहरा?" तर म्हणाल्या, "हौ."

माझं काय, मी माझ्या कामाला लागले. अंगण झाडलं. बादली भरली आणि सडा टाकला. खराद आल्यापासून लाकडाचा भुसा दारातून उडून सगळ्या अंगणभर पसरतो, त्यामुळे हल्ली मला पाणी जरा जास्तच मारावं लागे. एक बादली झाली, दुसरी आणली. कवेलूपाशी भुसा अडकून बसतो, तिथे दोन तांबे जोरात मारले. सासूबाईंनी पाय खुर्चीवर घेतले. त्या माझ्याकडे एकटक बघत होत्या. मला वाटलं, अजून राग आहे.

खोलीच्या आत भुसा साचला होता, तोही लगेहाथ काढावा म्हणून मी केरसुणी घेतली. आत अंधार. तिथला दिवा त्याच वायरवर, म्हणून स्वयंपाकघरात येऊन खरादीचं बटण दाबलं.

खट्.

पंखा थांबला. बाळ रडलं. आणि गच्चीवरून, कुरडयांच्या मधून, मोटर हातात धरलेल्या सुधीरचा आवाज आला, "मी काही नाही केलं."

मी तशीच अंगणात आले. सासूबाई खुर्चीवरून हललेल्या नव्हत्या. माळ थांबवून त्यांनी मणी बोटानं धरून ठेवला होता, मोजणी चुकायला नको म्हणून.

"मशीनची मोटर वर हाय," त्या म्हणाल्या. "पंचपात्र देवाजवळ हाय. मी इथं बसली. आता कोनाची पूजा?"

मी गच्चीकडे बघितलं, मग देवघराकडे बघितलं. 

त्यांनी काठी उचलून अंगणाकडे दाखवली. "अन हे काय टाकलं तू?"

"सडा," मी म्हटलं.

"पाणीच न?"

"सडा," मी पुन्हा म्हटलं, जणू सड्यात पाणी नसतंच.

"माही पळी होती, मंगला," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुही बादली हाय."

मी खाली बघितलं. ओलं चिंब अंगण, आणि बरोबर मधे पालथं कवेलू, ज्याच्या खाली मी जोडायला लावलेली वायर. मी एका तासाचं व्याख्यान देऊन घरातलं सगळं पाणी हुडकलं होतं. तुळशीचं, देवाचं, माठाचं, कूलरचं. पण सडा माझ्या हिशेबात आलाच नव्हता. कारण देवाधर्माचं मी काही करत नाही, आणि सडा म्हणजे माझ्या लेखी काम. रोजचं, सकाळचं, आणि उन्हाळ्यात संध्याकाळचंही. हात करतात, डोकं त्यात नसतं. सकाळी ओल, दुपारी उन्हानं वाळलं की खराद सुरू, संध्याकाळी पुन्हा ओल. आणि मी दर दुपारी एकेका निरपराध वस्तूला पकडत होते!

सुधीरनं मेन बंद केलं आणि कवेलू उचललं. खाली भुसा पुरणासारखा दाबून बसला होता, ओला गच्च, आणि त्याच्या पोटात तो जोड, टेप सुटून उघडा पडलेला. सुधीरनं वाकून तो नीट बघितला. मग माझ्याकडे बघितलं. नोकरीत त्यानं बिबट्याच्या पावलांचे ठसे बघून बिबट्या कुठून आला, कुठे गेला ते सांगितलेलं आहे. इथे त्याला अजिबात मेहनत पडली नाही.

"वायर कमी पडली तर जोडायची असते," तो म्हणाला.

"अहो, चहा घेता का," मी म्हटलं.

पटले त्या दिवशी चक्क सकाळी आले. (पल्लवीनं त्यांना फोनवर सगळं सांगितलं होतं. मला वाटतं, ते वायर बदलायला कमी आणि बघायला जास्त आले होते.) त्यांनी सलग नवी वायर भिंतीवरून, उंचावरून नेली, पाण्याच्या तांब्याचा नेम लागणार नाही इतक्या उंचावरून. सुधीरनं गच्चीवरून मोटर आणली. तिला चार कुरडया चिकटल्या होत्या, त्या काढल्या. मी बटण दाबायला गेले, तर पल्लवी म्हणाली, "मम्मी, रुको, दादीला दाबू दे."

सासूबाईंनी दाबलं. खराद फिरली. पंखा फिरत राहिला. बाळ झोपून राहिलं.

मग मात्र आमच्या घरात जे काही चाललं त्याला बारशाची तयारी म्हणण्यापेक्षा कारखाना म्हणावं. सुधीर दांड्या काढतोय, पल्लवी मांडीवर बाळ आणि हातात सँडपेपर घेऊन त्या घासतेय, मी चौकटीत बसवतेय, सासूबाई कोणती कुठे शोभेल ते सांगताहेत. शुक्ला भाभी दही परत करायला आल्या आणि पॉलिशचा बोळा घेऊन बसल्या. दुपारचं जेवण कोणी उभ्यानं केलं, कोणी केलंच नाही. सासूबाईंनी मधेच येऊन खरादीला हळदकुंकू लावलं. मी बघत होते. त्यांनीही मी बघतेय हे बघितलं. पाण्याऐवजी त्यांनी थोड्या अक्षता वाहिल्या आणि म्हणाल्या, "कोरडी पूजा. चालते न तुह्या करंटले?" मी म्हटलं, चालते. शनिवारी दिवेलागणीला शेवटची दांडी बसली.

रविवारी सकाळी पाळणा बैठकीतल्या कडीला टांगला तेव्हा पॉलिशचा वास अजून गेला नव्हता. गोंदियाहून विहीणबाई, व्याही, जावई आणि पाहुण्यांची गाडी आली. विहीणबाई आत आल्या आणि चप्पल काढून सरळ पाळण्यापाशी गेल्या. मी त्यांच्या मागोमाग. त्यांनी एकेका दांडीवरून हात फिरवला. एक दांडी बाकीच्यांपेक्षा जरा बाळसेदार होती, तिच्यापाशी बोट थांबलं.

"घरचं आहे, हे कळतं," त्या म्हणाल्या. आणि मग, त्यांच्या मानानं मोठ्यानं, "फारच सुंदर झालाय हो." सुधीर लाजला. निवृत्तीच्या निरोप समारंभातही तो इतका लाजला नव्हता.

बाळाला पाळण्याच्या वरून-खालून दिलं-घेतलं, आत्यानं कानात नाव सांगितलं, बायकांनी पाळणे म्हटले, आणि आमची अन्विता त्या सागवानी पाळण्यात अशी झोपली की शेवटचे पाळणे तिनं ऐकलेच नाहीत. वर पंखा फिरत होता. मी तीनदा जाऊन एमसीबी बघून आले.

जेवणाच्या पंगतीत सासूबाईंनी सगळ्यांना गोष्ट सांगितली. मी अपेक्षा केली होती त्याहून चांगली सांगितली, म्हणजे माझ्या बाजूनं वाईट. माझी बादली ड्रम झाली, ड्रमाचा टँकर झाला. फ्रीजच्या अटकेचं वर्णन करताना त्यांनी माझी नक्कलही केली, बोट उचलून. व्याही पापड हातात धरून हसत होते. पटलेंना मी आग्रहानं जेवायला बोलावलं होतं, ते मध्येमध्ये राहिलेले तपशील पुरवत होते. विहीणबाई हसता हसता पदरानं डोळे पुसायला लागल्या. मी त्यांना इतकं हसताना कधी बघितलं नव्हतं, आणि खरं सांगते, मलाही ते बघून बरं वाटलं.

हसू ओसरल्यावर त्यांनी अगदी सहज विचारलं, "मंगलाताई, इतकी वर्षं मी विचारेन विचारेन म्हणते. शाळेत तुम्ही विषय कोणता शिकवता?"

 सुधीर आपल्या पानातल्या मिठाकडे बघायला लागला.

"विज्ञान," मी म्हटलं.

"आठवी को," पल्लवीनं मदत केली. "बिजली वाला चैप्टर मम्मीच शिकवते."

विहीणबाईंनी पाळण्यात झोपलेल्या नातीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग घासाला वरण लावत, आवाज जराही न चढवता म्हणाल्या, "हिला आपण कॉमर्स देऊ."